मागच्या सीटखालचा गंज

जुनी गाडी घ्यायची म्हटली की लोक मिस्त्रीला बरोबर नेतात. बॉनेट उघडतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, चाकांना उगाच एकेक लाथ घालतात आणि सगळं कळल्यासारखा चेहरा करून माना डोलावतात. पण इथल्या जाणत्या माणसांना ठाऊक होतं, की मिस्त्रीनं हो म्हटलं तरी शेवटचा शब्द द्यायच्या आधी कुशनकाकांना एकदा त्या गाडीत बसवून आणावं.

कुशनकाका म्हणजे गाड्यांच्या सीटा शिवणारा माणूस. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. आत जाड सुईचं मशीन, रेग्झिनचे गुंडाळे, स्पंजच्या लाद्या. दाराशी कायम कुणाच्या तरी गाडीतली उपटून काढलेली सीट पडलेली असे आणि तिच्यावर बसून रिकामटेकडी मंडळी गप्पा हाणत. एकतीस वर्षं या माणसानं लोकांच्या बुडाखालची जागा पाहण्यात घालवली होती, आणि त्यातून त्यांचं एक शास्त्र तयार झालं होतं. ते म्हणत, "इंजिनाला दोन दिवस खोटं बोलायला शिकवता येतं. जाड तेल घातलं की गप्प बसतं. सीटला नाही शिकवता येत." मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि ड्रायव्हरच्या सीटला दोन लाखांचा खड्डा, असली कितीतरी सोंगं त्यांनी उघडी पाडली होती.

निकाल एका शब्दात. 'घ्या' नाहीतर 'सोडा'. कारण विचारलेलं त्यांना खपत नसे. डॉक्टरला कुणी असं विचारतं का, म्हणायचे. खरं तर विचारतात, पण काकांशी वाद घालायची कुणाची टाप होती?

तर अशा या काकांच्या दुकानात एका सकाळी सिस्टर आल्या.

सिस्टर सरकारी इस्पितळात परिचारिका. त्यांना बघताच काका मशीनवरून उठले, हातातलं काम तसंच सोडलं आणि दाराशी बसलेल्या दोघा गप्पिष्टांना हाकलून सीट मोकळी केली. एवढा मान ते कुणालाच देत नसत. त्याला कारण होतं.

बारा वर्षांपूर्वी काकू आजारी पडल्या होत्या. ताप डोक्यात गेलेला. चाळीस दिवस इस्पितळात, त्यातले पंचवीस बेशुद्धीत. काकूंचे केस कमरेच्या खाली पोचणारे, पडून पडून त्यांचा नुसता गुंता झालेला. वॉर्डातली आया कात्री घेऊनच आली. तेव्हा नुकत्याच नोकरीला लागलेल्या या सिस्टर म्हणाल्या, "शुद्धीवर आल्या की पहिला हात डोक्याकडेच जाईल त्यांचा. थांबा थोडं." आणि ड्यूटी संपल्यावर, घरी जायच्या वेळात, तेलाची बाटली घेऊन त्या एकेक बट सोडवत बसल्या. चार दिवस लागले. काकूंनी डोळे उघडले तेव्हा उशीवर वेणी होती. काका व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. काकू वाचल्या त्या डॉक्टरांमुळे, हे त्यांना मान्य होतं. पण त्या वेणीची भरपाई कशानं करायची हे त्यांना बारा वर्षांत सुचलं नव्हतं. सिस्टर कधी काही मागतच नव्हत्या. एकदा फक्त स्कूटरची फाटलेली सीट शिवायला दिली होती, तीही पैसे मोजून.

आज पहिल्यांदा त्या काहीतरी मागायला आल्या होत्या.

त्यांचे यजमान वायरमन. चांगले सहा फूट दोन इंच उंच. महिन्याभरापूर्वी शिडीवरून पडले, मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. आता आत सळई घातलेली, गुडघा वाकत नाही. शुक्रवारी घरी सोडणार होते; पण त्यानंतर वर्षभर, आठवड्यातून तीनदा, व्यायामासाठी इस्पितळात आणायचं.

"मध्यंतरी एका तपासणीला बाहेर नेलं होतं काका, भाड्याच्या छोट्या गाडीतून," सिस्टर म्हणाल्या. "पाय तिरका कोंबावा लागला. दर खड्ड्याला ओरडत होते. मी रोज एवढी माणसं कण्हताना बघते, पण ते मला ऐकवेना."

"मग?"

"दुसरा उपाय म्हणजे त्यांना तीन तासांवरच्या केंद्रात ठेवायचं. सहा महिने. तिथं राहण्याचीच सोय आहे. पण ते म्हणतात, मला तिथं टाकू नकोस." सिस्टरनी खांद्यावरची पर्स मांडीवर घेतली. "एक जुनी मोठी सेडान विकायला निघालीय. मागची सीट ऐसपैस आहे. मिस्त्रींनी काल बघितली, हो म्हणाले. माझ्याकडे जेवढं साठलंय तेवढ्यात बसते, पण मग हातात काही उरत नाही. चुकलं तर दुसरी गाडी नाही. तुम्ही बघाल?"

काकांनी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्याआधी रस्त्यावर येऊन उभे राहिले.

गाडी अठरा वर्षांची, राखाडी रंगाची, लांबलचक. एका छोट्या घराच्या अंगणात अशी उभी होती की घर तिच्यामागे लपलं होतं. किल्ली घेऊन एक सडसडीत गृहस्थ आले. मालकीणबाईंचे जावई. कुशनकाकांनी उलटतपासणी सुरू केली.

"गाडी वापरात कशी होती? लांबच्या प्रवासाला, की गावातल्या गावात?"

"ते सासूबाईंना विचारावं लागेल."

"सहा वर्षांपूर्वी पूर आला तेव्हा कुठं होती ही?"

"मी तेव्हा दुसऱ्या गावी होतो. सासूबाईंना माहीत असेल."

"आणि सासूबाई कुठायत?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यात."

फार सोयीच्या सासूबाई दिसतात, असं काकांच्या मनात आलं.

एरवी ते आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसत. आज मात्र सगळा प्रश्न मागच्या सीटचा होता, म्हणून सरळ मागचं दार उघडून आत गेले. टेप लावली. सहा फूट दोन इंचांचा माणूस दाराला पाठ टेकून, पाय सीटवर लांब करून बसला तरी समोरच्या दाराला टाच लागणार नव्हती. काका मनातून खूश झाले. तेवढ्यात त्यांच्या नाकाला वास लागला. ओलीचा, जुना, बंद कपाटासारखा.

त्यांनी सीटचा खालचा भाग दोन्ही हातांनी वर ओढून काढला. स्पंजचं पिवळं पीठ झालेलं. स्प्रिंगा तपकिरी. बोल्ट गंजून फुगलेले. मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर त्याच्यावरही डाग. काकांचा चेहरा आवळला. पुरानंतरच्या वर्षात अशा कितीतरी बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्या होत्या. त्यातलीच एक त्यांच्या शब्दावर त्यांच्या मेहुण्यानं घेतली होती. तीन महिन्यांत तिची सगळी वायरिंग सडली, आणि मेहुणा चार वर्षं त्यांच्याशी बोलला नव्हता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. काका तर ताकाचं भांडं बघूनच पळत सुटत.

ते गाडीतून उतरले, हात झटकले आणि सिस्टरना बाजूला घेतलं. "बुडालेली आहे. सोडा."

सिस्टरनी एकदा गाडीकडे बघितलं. त्यांच्या खांद्यावरची पर्स घसरली, ती त्यांनी सावरली. "बरं झालं काका, तुम्ही आलात," त्या म्हणाल्या. "मी फसले असते. तुमचे फार उपकार झाले." आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

काका घरी जेवायला आले ते तरंगतच. शेवटी आपणही सिस्टरच्या उपयोगी पडलो! जेवताना त्यांनी काकूंना सगळी हकीकत रंगवून सांगितली. तो वास, तो गंज, तो जावई, त्या गायब सासूबाई. काकू ऐकत होत्या. काकू दुकानाच्या कव्हरांना काठ शिवून द्यायच्या, त्यामुळे या धंद्यातलं त्यांनाही थोडंफार कळायचं. फक्त त्या कुणाला सांगत फिरत नसत.

"पुढच्या सीटखाली पण तेवढाच गंज होता?" त्यांनी विचारलं.

"पुढचं कशाला बघायचं? शितावरून भाताची परीक्षा होते."

"होते ना. पण तळाशी करपलाय की नाही हे वरच्या शिताला विचारून कळत नाही." काकूंनी त्यांच्या ताटात वाढता वाढता म्हटलं, "म्हणजे पाणी मागच्या दारानं आत आलं, मागच्या सीटवर बसलं आणि तिथूनच उतरून गेलं. पुढं काही आलं नाही. शहाणंच म्हणायचं पाणी."

काकांचा घास हातातच राहिला. पुराचं पाणी गाडीभर भरतं. पुढच्या मॅटखाली गाळ साचतो, पुढच्या सीटचे रूळ आधी गंजतात. हे त्यांनीच पन्नास जणांना शिकवलं होतं. आणि आज त्यांनी पुढचं दार उघडलंसुद्धा नव्हतं.

"सिस्टरची गाडी होती," ते कसंबसं म्हणाले. "जराही जोखीम नको म्हटलं."

"सिस्टरची होती म्हणूनच नीट बघायची होती. माझा गुंता सोडवायला त्यांनी चार दिवस घातले. तुम्ही चार मिनिटांत उतरलात."

काकू हे रागानं बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. काका ताटावरून उठले. अन्न टाकून उठणारा माणूस नव्हता तो. स्कूटरवर बसताना त्यांच्या लक्षात आलं की शुक्रवारला दोनच दिवस राहिलेत आणि आपल्या एका शब्दानं एक माणूस सहा महिन्यांसाठी घराबाहेर चालला आहे.

त्या घराचं दार या वेळी सासूबाईंनीच उघडलं. पंच्याहत्तरीच्या, पाठ ताठ, डोळ्यांना काळा चष्मा. आख्ख्या गावाला त्या तलावबाई म्हणून ठाऊक होत्या. नगरपालिकेच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवण्यात त्यांनी उभी हयात घालवली होती. काकांना पोहता येत नव्हतं, म्हणून बाईंना न ओळखणारे तेवढे तेच राहिले होते.

"सकाळी माझी गाडी बुडवून गेलात ते तुम्हीच का?" बाई कडाडल्या. "चाळीस वर्षांत माझ्या हाताखालचं एक पोर बुडालं नाही, आणि तुम्ही चार मिनिटांत गाडी बुडवलीत!"

त्या चार मिनिटांची बातमी सगळीकडे पोचली होती म्हणायची. काका खालमानेनं म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा बघू का? पुढून?"

"बघा. मागून, पुढून, खालून बघा. पण घाई करा. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय."

काकांनी पुढची मॅट उचलली. खाली पत्रा कोरडा, कारखान्यातून आल्यासारखा. सीटचे रूळ चकचकीत. पुढचे दोन्ही बेल्ट टोकापर्यंत ओढले, एक डाग नाही. वायरिंगच्या जोडांवर ओलीनं चढतो तो हिरवट थर नाही. डिकीतली स्टेपनीची खोबणसुद्धा स्वच्छ, आणि पाणी शिरलं असतं तर पहिलं तिथंच साठलं असतं. मग त्यांनी पुन्हा मागची सीट काढली आणि या वेळी गुडघ्यावर बसून टॉर्च मारला. फटीत एक कानात घालायचा रबरी बोळा सापडला. मग नाकाचा चिमटा. मग पोहण्याच्या चष्म्याचा तुटलेला पट्टा. मग एक केसांची पिन.

काकांनी हे सगळं तळहातावर घेऊन बाईंपुढे धरलं. "बाई, मागं कोण बसायचं?"

"कोण म्हणजे? कार्टी माझी!" बाईंचा आवाज एकदम बदलला. "ज्यांना न्यायला घरचं कुणी येत नसे ती. आईबाप दोघं कामावर. सहा वाजता तलावाचा पहारेकरी कुलूप लावून मोकळा, मग पोरं ओल्या अंगानं फाटकाशी कुडकुडत उभी. त्यांना घरोघर सोडायचे मी. मागं पाच-सहा जण दाटीवाटीनं बसायचे, ओल्या कपड्यांत. त्यासाठीच ही एवढी धूड गाडी घेतली होती. लोक हसले मला. एकट्या बाईला कशाला हवी आगगाडी म्हणाले."

"किती वर्षं?"

"तेरा. आता दिसत नाही नीट, म्हणून विकतेय. नाहीतर दिली नसती."

काका तिथंच खाली बसले. तेरा वर्षं, रोज, सहा ओली पोरं. त्या स्पंजचं पीठ होणार नाही तर काय होईल? आणि आपण त्याला पूर म्हणालो. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्याचबरोबर फार बरंही वाटलं. आपण चुकलो याचा इतका आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता. त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. तो न वाकणारा गुडघा, ते तीन तासांवरचं केंद्र, आणि आपण सकाळी काय करून बसलो तेही.

बाईंनी त्यांच्या तळहातावरची पिन उचलून घेतली. मग म्हणाल्या, "दुसरं गिऱ्हाईक सहाला येतंय, तोवर गाडी तुमच्यासाठी ठेवते. पण सहाच्या आत येऊन सांगा. दिलेली वेळ मी मोडत नाही."

काकांनी तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. "मिस्त्री, ती राखाडी गाडी. तू बरोबर होतास. मी चुकलो."

पलीकडची ठोकाठोक थांबली. मग, "काका, नीट ऐकू आलं नाही. परत बोला जरा."

"चुकलो म्हटलं."

"थांबा थांबा, स्पीकर चालू करतो. गॅरेजात सगळे जमलेत. हां, आता बोला."

एरवी काकांनी फोन आपटला असता. आज त्यांनी तिसऱ्यांदा मोठ्यानं सांगितलं आणि इंजिनाविषयी चार प्रश्न विचारले. थोडं तेल पितं, क्लच वर्षभरात बदलावा लागेल, बाकी ठणठणीत, असं मिस्त्रीनं प्रामाणिकपणे सांगितलं. चेष्टा संपल्यावर तोही हळूच म्हणाला, "परत गेलात ते बरं केलंत काका."

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर सिस्टर टेबलापाशी बसल्या होत्या. समोर त्या केंद्राचा अर्ज. नाव, वय, उंची, सगळं भरून झालेलं. फक्त सहीची जागा कोरी होती. आजूबाजूला दोन नर्सा, एक वॉर्डबॉय, पेशंटांचे नातेवाईक. काकांना वाटलं, त्यांना बाजूला बोलवावं. मग वाटलं, सकाळी बाजूला घेऊन सांगितलं त्यातच घोटाळा झाला.

"सिस्टर, मी सकाळी चुकलो," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "गाडी बुडालेली नाही. मी अर्धीच बघितली होती."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं नाही. "म्हणजे?"

मग एका शब्दात निकाल देणाऱ्या माणसानं पंधरा मिनिटं कारणं सांगितली. पुढचे रूळ, बेल्ट, डिकी, ती ओली पोरं. वाईट होतं तेही लपवलं नाही. मागची सीट पुरती गेलीय, खालचा पत्रा एका जागी खरवडून रंगवावा लागेल, तेल पिते, क्लच येईल, पेट्रोलही जास्त खाईल. "पण पाच-सहा वर्षं दगा देणार नाही. आता मी पुढून, मागून, खालून बघितलीय. आणि सीट मी करून देणार. त्याचे पैसे काढलेत तर मी तुमच्या दारात परत येणार नाही."

सिस्टरनी पेनाला टोपण लावलं. "काका, तुम्ही आला नसता तरी मला कधी कळलं नसतं."

"मला कळलं असतं ना."

सिस्टरनी घड्याळ बघितलं. साडेपाच. त्यांनी तो अर्ज दुमडून टेबलाच्या खणात टाकला, शेजारच्या नर्सला वॉर्ड बघायला सांगितलं आणि काकांच्या मागे स्कूटरवर बसल्या. सहाला पाच मिनिटं असताना दोघं तलावबाईंच्या दारात होते.

गाडी सिस्टरची झाली, आणि शुक्रवार सकाळपर्यंत कुशनकाकांचं दुकान दुसऱ्या कुणासाठी उघडलं नाही. मागची सीट त्यांनी मुळापासून नवी केली. खाली घट्ट स्पंज, वर मऊ, मधे पाय घसरू नये म्हणून हलकी खोलगट जागा. काकूंनी शेजारी बसून काठ शिवले आणि दाराच्या बाजूला पाठ टेकायला एक वेगळी उशी करून दिली. अधूनमधून काका स्वतः त्या सीटवर पाय लांब करून पडून बघत. काकू म्हणायच्या, "पुढचीपण बघून घ्या एकदा," आणि काका मुकाट्यानं ऐकून घ्यायचे.

शुक्रवारी अकरा वाजता वॉर्डबॉयनं आणि काकांनी मिळून यजमानांना आत सरकवलं. ते दात आवळून, दाराची दांडी घट्ट पकडून बसले. सिस्टरनी गाडी सुरू केली. काका स्कूटरवर मागोमाग, काकू त्यांच्या मागे. पहिला खड्डा आला तसा काकांनी श्वास रोखला. लांब गाडी हळूच खाली गेली आणि हळूच वर आली. आतून आवाज आला नाही. दुसरा खड्डा, रस्त्याचं वळण, रेल्वेचं फाटक. काहीच आवाज नाही.

घरासमोरच्या झाडाखाली गाडी थांबली. सिस्टर घाईनं उतरल्या आणि मागचं दार उघडायला गेल्या, पण त्यांचा हात दारावरच राहिला. काकांना वाटलं, काहीतरी बिनसलं. ते धावत जवळ गेले आणि अर्ध्या उघड्या काचेतून बघितलं. यजमानांचं डोकं काकूंच्या उशीवर कललं होतं, तोंड थोडं उघडं, दांडी पकडलेला हात सुटून मांडीवर पडलेला. ते गाढ झोपले होते.

"महिनाभर गोळीशिवाय डोळा लागला नव्हता त्यांचा," सिस्टर अगदी हळू म्हणाल्या, आणि गाडीच्या टपावर हात ठेवून रडू लागल्या. काकूंनी जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

वॉर्डबॉय मागून दुसऱ्या गाडीनं आला आणि म्हणाला, "चला, उतरवू या ना?"

"थांब रे," काका म्हणाले. "झोपू दे त्यांना. कुणाला घाई आहे?"

मग ते चौघं भर उन्हात रस्त्यावर उभे राहिले, पाऊण तास, कुणी काही न बोलता.